रंगात अडकलेली वाऱ्याची पिशवी

मी एक जुनी वाऱ्याची पिशवी आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका. माझ्यातून कुणी भाजी आणत नाही. एका लहान विमानतळावर, धावपट्टीच्या कडेला, उंच खांबावर मी टांगलेली असते. विमानाला वाऱ्याकडे तोंड करून उतरावे लागते. तो कुठून येतो, हे मी फुगून दाखवते. वारा येईल तसे फिरणाऱ्याला माणसांत नावे ठेवतात. माझी मात्र तीच नोकरी.

एका शिंप्याने मला नारिंगी-पांढऱ्या कापडातून शिवले. तेव्हा इथे पत्र्याची शेड होती आणि आठवड्याला एक विमान. तिकीट देणारा, सामान तोलणारा आणि निरोपाचा हात हलवणारा माणूस एकच. वैमानिक म्हणत, "ही पिशवी आहे, म्हणून निर्धास्त उतरतो." मग विमाने रोजची झाली आणि वारा मोजणारे यंत्र आले. त्यानंतर माझ्याकडे मान वर करून बघत ते फक्त तेलवाले काका. दर सोमवारी शिडी चढून ते माझ्या फिरत्या सांध्यात तेल घालत. "कुरकुरू नकोस म्हातारे," म्हणत, "माझे गुडघे तुझ्यापेक्षा जास्त वाजतात."

पुढे काचेची नवी इमारत झाली. उद्घाटनाला मोठे साहेब विमानाने येणार होते. व्यवस्थापकांनी हुकूम सोडला, "दिसेल ते रंगवा." रंगारी माझ्यापर्यंत पोचला.

"अहो, हा सांधा फिरता आहे, त्याला रंग नको!" काका खालून ओरडले.

"साहेबांची नजर काय सांधा सोडून फिरणार आहे?" व्यवस्थापक म्हणाले. "लाव रे तू."

रंग वाळला आणि मी जागच्या जागी जखडले.

साहेब यायच्या दुपारी नेमके यंत्र बंद पडले आणि वारा उलटला. तो माझ्या मागून येऊ लागला. मला वळता येईना. माझे कापड चिंधीसारखे खांबाला लोंबू लागले. टॉवरमधल्या बाईंनी दुर्बिणीतून पाहिले. त्यांना वाटले, वारा पडला आहे. त्यांनी विमानाला नेहमीच्या बाजूने उतरायला सांगितले. म्हणजे पाठीवर वारा, आखूड पट्टी आणि टोकाला नाला. जन्मभर खरे सांगितले, आणि आता विमानभर माणसांशी मी खोटे बोलत होते.

तेवढ्यात काकांची टोपी उडाली. त्यांनी टोपीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि पट्टीशेजारी उभ्या आगीच्या बंबावरचा वायरलेस उचलला.

"बाई, विमान वर घ्या! वारा मागून सुटलाय!"

"काका, पिशवी तर गप्प आहे."

"अहो, तिला फिरता येत नाही म्हणून गप्प आहे! गवत बघा, गवत!"

बाईंनी गवत पाहिले. पट्टीच्या तोंडाशी आलेले विमान गर्जत वर गेले आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूने सुखरूप उतरले. नवी इमारत वरून नीट दिसावी म्हणून तो वळसा घेतला, असे व्यवस्थापकांनी साहेबांना सांगितले. साहेब खूश झाले. विनापरवानगी वायरलेस वापरल्याबद्दल काकांना लेखी समज मिळाली. काकांनी ती घडी करून खिशात घातली, शिडी आणली आणि तासभर माझा सांधा खरवडला.

मित्रांनो, आता मी थकले आहे. नवे कापडही मागत नाही. रंगवायचे तर खुशाल रंगवा, पण जिथे मी फिरते तिथे थेंबभर तेलच द्या. आणि कधी मी मुकाट लोंबताना दिसले, तर वारा नाही असे धरून चालू नका. कुणीतरी शिडी घेऊन वर या आणि मला काय झाले आहे ते बघा.