टाकी उतू गेली तेव्हा

मुक्ताला बघायला पाहुणे येणार म्हणून पद्मिनीताईंनी सकाळपासून तिला एकच बजावलं होतं. "नोकरीचं विचारलं तर पाण्याच्या खात्यात आहे म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही."

"पण आई, मी तर गाळ..."

"पाणी!"

मुक्ता लखनौच्या एका सांडपाणी प्रकल्पावर इंजिनीअर होती. शुद्ध झालेलं पाणी नदीकडे निघून जाई आणि मागे उरलेला मैल्याचा गाळ मुक्ताच्या वाट्याला येई. तो बंद टाकीत कुजवायचा, वाळवायचा, त्याचं खत करायचं. आता हे कोथिंबीरवडीच्या बशीसमोर कसं सांगणार? त्यातून मुक्ताचे बाबा कॉन्फरन्ससाठी हैदराबादला, त्यामुळे सगळी भिस्त पद्मिनीताईंवर.

टिपणीस मंडळी इंदिरा नगरहून वेळेवर आली. निरंजनराव हवाई दलातून निवृत्त झालेले. मुलगा सुश्रुत अमौसी विमानतळावर एका विमान कंपनीत. त्याला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की हिंदी.

"पाण्याच्या खात्यात म्हणजे नक्की काय करतेस गं?" सुश्रुतच्या आईने, देविकाबाईंनी विचारलं.

मुक्ताने आईकडे पाहिलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडे प्रकल्पावरचे दीनानाथ होते, आणि पंपांच्या गोंगाटात राहून त्यांना ओरडूनच बोलायची सवय.

"मैडम, टंकी उफन गई! सारा मल झाग बनके बाहर आ रहा है!"

खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू गेलं. पद्मिनीताईंनी घाईघाईने वड्या पुढे केल्या. कुणी घेतली नाही.

"मला जावं लागेल," मुक्ता उठली. पण तिची स्कूटर आत आणि टिपणिसांची गाडी फाटकात आडवी.

"मैं छोड़ देता हूँ," सुश्रुत म्हणाला. निरंजनरावांना यंत्र म्हटलं की राहवेना, ते पुढे जाऊन बसले. देविकाबाई एकट्या मागे कशा राहणार? आणि पाहुण्यांना एकटं कसं पाठवायचं, म्हणून पद्मिनीताईही पैठणी-बिठणीसकट गाडीत कोंबल्या गेल्या.

प्रकल्पावर दुमजली घराएवढ्या टाकीच्या माथ्यावरून तपकिरी फेस ओघळत होता. मुक्ताने पदर खोचला, गमबूट चढवले.

"कीचड़ अंदर छोड़ना बंद करो! ऊपर से पानी मारो!"

पाइप धरायला माणूस कमी पडला. मुक्ताने मागे न बघताच पाइप मागे दिला आणि तो सुश्रुतच्या हातात गेला. पहिल्याच फवाऱ्याला फेसाचा एक गोळा सुटला आणि सरळ त्याच्या पांढऱ्या शर्टावर येऊन बसला.

पद्मिनीताईंनी डोळे मिटून घेतले. स्थळ गेलं.

देविकाबाई नाकाला पदर लावून उभ्या होत्या. "पद्मिनीताई, हे काय आहे, खरं सांगा."

आता लपवण्यासारखं राहिलंच काय होतं! "मैला आहे," पद्मिनीताई तडकून म्हणाल्या. "निम्म्या शहराचा. माझी मुलगी तो सांभाळते. कुणीतरी सांभाळायला नको का?"

"आमच्या इंदिरा नगरचाही?"

"हो काकू," टाकीच्या जिन्यावरून मुक्ता ओरडली, "रोज येतो!"

 पदराआड देविकाबाईंचे खांदे हलू लागले. "अगं बाई! म्हणजे आमची हिच्याशी ओळख जुनीच की!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या, की निरंजनरावांना त्यांना धरून बसवावं लागलं.

फेस हळूहळू खाली बसला. सुश्रुत नळाखाली उभा राहून साबणाने दंड घासत होता.

"सॉरी," मुक्ता म्हणाली.

"अरे, कोई नहीं. ये रोज़ होता है?"

"छे. आज पाहुणे होते ना, म्हणून."

तो हसला. "संडे को टंकी ठीक रहेगी? तो कॉफ़ी पिएँ?"

मुक्ताने उत्तर दिलं, पण नेमके तेव्हाच दीनानाथांनी पंप सुरू केला आणि कान टवकारून उभ्या असलेल्या पद्मिनीताईंना ते ऐकूच आलं नाही. परतीच्या वाटेवर गाडीच्या सगळ्या काचा खाली होत्या. घरी आल्यावर सगळ्यांनी दोनदोनदा हात धुतले आणि देविकाबाईंनी वड्या पुन्हा तळायला लावल्या.