पंपाखालचा डबा

कान्होजींचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागाला पाणी देणारा हा पंप त्यांनी तीस वर्षं सांभाळला. पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती ग्रीसमध्ये भिजवलेली दोरी ठासायची, बोल्ट आवळायचे आणि मिनिटाला दहा-बारा थेंब खालच्या डब्यात पडू द्यायचे, नाहीतर दोरी जळते. आता दोरीच्या जागी हे नवं सील आलं. एक कडी दांड्याबरोबर फिरते, दुसरी जागच्या जागी. दोन्ही आरशासारख्या घासलेल्या, मागून स्प्रिंगचा रेटा. मध्ये पाण्याचा केसाहून बारीक पदर राहतो, बाहेर थेंब येत नाही म्हणे. आणि इथे मेली धार लागली होती.

"उघडून बघा," इंजिनियर मुकुंदराव म्हणाले. "माल खराब असेल तर आजच परत पाठवतो, तुमची दोरी कायम अन् तुम्हीही कायम. सील चाललं तर मात्र दोरी ठासायला इथे मिस्त्री लागत नाही, तुमची बदली उज्जैनला. एक तारखेला भोपाळ राजधानीचं नवं राज्य होतंय, बदल्यांची यादी आजच तिकडे जायची आहे."

उज्जैन! लष्कर भागातल्या गोरखीतलं घर सोडून, या वयात. कान्होजींनी सील बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पाना फिरवला.

कड्या हातात आल्या आणि त्यांनी त्या उजेडात धरल्या. चकचकीत बाजूला लाल थर चिकटला होता. कुंकू. खंडेनवमीला घरच्या तलवारीशेजारी, पान्या-हातोड्यांच्या रांगेत त्यांनी हे सीलही पाटावर मांडलं होतं. भरपूर ओलं कुंकू, तेही नेमकं चकाकत होतं तिथेच. बसवताना फडकं फिरवलं होतं, बस. आता कड्या एकमेकींना टेकणार कशा?

अंगठ्याने पुसून माल खराब म्हटलं असतं तर कोणाला कळलं नसतं. त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"सील चांगलंय, साहेब," ते म्हणाले. "घाण माझ्या हातची आहे."

घासलेट आणि मलमलीने त्यांनी कड्या लख्ख केल्या, बसवल्या, पंप सुरू केला. दोघं तासभर बघत राहिले.

"गप्प बसला असतात तर?" मुकुंदरावांनी हळूच विचारलं.

"बसता आलं असतं तर बसलो नसतो का?" कान्होजी वैतागले.

त्यांनी डबा उचलला. तीस वर्षांत पहिल्यांदाच तो कोरडा होता. घरी बायकोला, सुलोचनाबाईंना, उज्जैनचं कसं सांगायचं, ते काही त्यांना सुचेना.