साहेब वगळून

वाळूजच्या आमच्या कारखान्यात साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे एका रांगेत बसायचे, ते फक्त माझ्या कॉम्प्युटरमध्ये. प्रत्येक माणूस एक ऑब्जेक्ट, आणि सगळे मिळून एक कलेक्शन. तयार मिळालेल्या कलेक्शनला माणसं मोजता येत, शोधता येत. बाकीची अक्कल मी लिहून द्यायची. रात्रपाळीला कोण, निवृत्तीला आलेलं कोण, हे निवडून काढायच्या रीती, म्हणजे मेथड, मी त्याला जोडल्या होत्या. विचारलं की कलेक्शन आपणहून सांगायचं.

चौऱ्याण्णवचा जानेवारी होता. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार अशी बोलवा उठली, आणि सर्जेरावसाहेब माझ्या टेबलाशी आले.

"कन्नडकर मॅडम, अजून एक मेथड जोडा. आडनावावरून जयभीमवाले काढा. गुलाल उधळायला जातील, त्यांची कंत्राटं पुढं न्यायची नाय."

साहेब मला ब्राह्मण समजत. अठ्ठ्याहत्तर साली याच नामांतराच्या दंगलीत कन्नडजवळच्या गावात आमचं घर जाळलं, तेव्हा वडिलांनी शहर गाठलं आणि आडनाव बदललं. मला बजावलं, हापिसात 'नाही' म्हण, 'नाय' म्हणू नको. साहेबांचं 'नाय' खपून जायचं, माझं खपलं नसतं.

मी "हो साहेब" म्हटलं. राग यायला हवा होता, पण आला नाही. घर जळाल्यापासून मला फारसं काही वाटायचंच नाही. नोकरी करायला ते सोयीचं पडायचं.

साहेब आडनावं सांगत गेले, मी घालत गेले. बोर्डे, साळवे, खरात, गायकवाड. पॅकिंगमधला सांडू गायकवाड त्यांच्या डोळ्यांसमोर असणार. आपणही गायकवाडच, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मेथड चालवली. पडद्यावर सांडूच्या वरच सर्जेराव गायकवाड.

"ह्ये काय? माझं कसं आलं?"

"मेथड सगळ्यांना एकच असते, साहेब."

"लई शानपना नका करू. माझं तेवढं काढा."

मी एक अट घातली, साहेब वगळून. त्यांचं नाव गेलं, सांडूचं राहिलं. त्याच्या नावाकडे बघता बघता मी कीबोर्ड पुन्हा पुढ्यात ओढला. राग आलाय हे कळायलाच मला वेळ लागला.

आडनावांच्या शेवटी मी 'कन्नडकर' लिहिलं आणि मेथड पुन्हा चालवली. साहेब पडद्यावर वाकले.

"मॅडम, तुमचं चुकून आलं."

"नाय साहेब," मी म्हणाले. "चुकून नाय."