जमिनीवरून सलामी

आमच्याकडे कुणी पडलं की त्याला उठवायची सगळ्यांना भारी घाई. पडलेला अजून 'आई गं' म्हणत असतो, तोवर चौघांनी त्याचे हातपाय धरलेले असतात. भाईंदरजवळच्या पेणकरपाड्यातल्या आमच्या गोविंदा पथकात तर हा रिवाजच होता. पडलेला गोविंदा जमिनीवर राहता कामा नये. त्याला उचलायचं, खांद्यावर घ्यायचं, जयजयकार करायचा, खाली उतरवून चार पावलं चालवायचं, आणि मग विचारायचं, लागलं का रे म्हणून.

या पथकाचे कोच म्हणजे माझे पप्पा, उत्तम शिगवण. पथकातली बहुतेक मुलं आमच्यासारखीच, मूळ गुहागर-चिपळूणकडची. आठवडाभर हाटकेशच्या कारखान्यांच्या गाळ्यांत नाहीतर कुठल्या दुकानात राबतात आणि गुरुपौर्णिमा ते दहीकाला पप्पांच्या शिट्टीवर जगतात. एक आखूड शिट्टी वाजली की असेल तिथे थांबायचं, नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही. लांब शिट्टी वाजली की खाली बसलेला थर एकदम उठतो. घरात आईचं कुणी ऐकत नसेल, पण ती शिट्टी सगळे ऐकतात. सगळ्यात वरच्या थरावर चढायचा माझा धाकटा भाऊ साहिल. अठरा पूर्ण झालेत, पण वजनाने काडी.

मी भाईंदरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. एनएसएसमध्ये प्रथमोपचाराचा वर्ग लागला आणि मी त्यात गेले. शिकवायला मिनल मॅडम होत्या. गोडदेवला राहतात, नागरी संरक्षण दलात बरीच वर्षं काढलेल्या, आवाज असा की मागच्या बाकावरच्याची झोप उडावी. मानेला मार लागलेल्या माणसाचं डोकं कसं धरायचं, हे त्यांनी शिकवलं आणि मला माझ्या मैत्रिणीचं, दिव्याचं डोकं धरून जमिनीवर बसवलं. दोन्ही हातांत डोकं, कोपरं जमिनीवर टेकलेली, आणि सोडायचं नाही. मॅडम पुढचा धडा शिकवायला लागल्या, तो संपला, तरी मी तशीच. दिव्याला तर चक्क झोप लागली.

"मॅडम, हात गेले माझे," मी म्हटलं.

"ते हात आता तुझे नाहीतच," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाचे हात येईपर्यंत ते पेशंटचे आहेत."

बाई जरा जास्तच करतायत, असं मला तेव्हा वाटलं होतं. घरीही माझी थट्टाच चालायची. साहिल तर मी समोर दिसले की धाडकन पलंगावर पडायचा आणि 'डॉक्टरीणबाई, माझं बोट मोडलंय, इंजेक्शन नको' म्हणून कण्हायचा. पप्पा हसायचे. "आमच्या वेळी कुठं होता कोर्स? पडलो, उठलो, परत चढलो." आता हाडाच्या कोचला मी काय शिकवणार?

श्रावणातला रविवार होता. संध्याकाळी मैदानात पाच थरांची तालीम चालली होती. आईने साहिलसाठी पाठवलेला डबा घेऊन मी गेले होते. पाच थरांना कशाला दोरी, म्हणून कमरेची दोरी बांधली नव्हती, आणि उकडतंय म्हणून साहिलने हेल्मेट कुंपणाला अडकवलं होतं. चौथा थर उठला, साहिल वर चढला, सलामीचे हात जोडायला गेला, आणि खाली कुणाचा तरी गुडघा वाकला. सगळे गादीवर पडले. साहिल गादीच्या कडेवर पडला, डोकं आणि खांदा जमिनीवर.

नेहमीप्रमाणे सगळे धावले. "काय नाय झालं, उचला, उचला!" सर्वांत पुढे पप्पा. त्यांनी साहिलच्या काखेत हात घातलेसुद्धा. डबा कुठे पडला मला आठवत नाही. मी त्याच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसले आणि डोकं होतं तसं दोन्ही हातांत धरलं.

"हलू नकोस, साहिल. हो-नाय पण तोंडानेच सांग."

"संचू, बाजूला हो," पप्पा म्हणाले. "उभा करू दे त्याला."

"नाय करायचा उभा. पप्पा, मान हलली ना, तर हा परत कधी उभा राहायचा नाय."

मी पप्पांशी अशी कधीच बोलले नव्हते. त्यांचा चेहरा एकदम तापला. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर ते मला ढकलणार. तेवढ्यात साहिल हळूच म्हणाला, "पप्पा, दोन्ही हातांना मुंग्या येतायत." पप्पांनी काखेतले हात काढून घेतले, इतके सावकाश, की जणू खाली काचेचं सामान होतं.

पप्पा थांबले, पण पोरं कुठली थांबायला. कुणी पाण्याची बाटली आणली, कुणी कांदा आणायला पळालं, कुणी माझ्या पाठीवर येऊन पडलं. मॅडमनी शिकवलं होतं, 'कुणीतरी फोन करा' असं म्हणायचं नाही, कारण कुणीतरी कधीच फोन करत नाही. नाव घेऊन सांगायचं. तळाच्या थरातला अल्पेश समोर दिसला. दांडगा गुजराती गडी.

"अल्पेश, १०८ ला फोन लाव. मानेला लागलंय म्हणून सांग."

"लगाता हूँ, संचू," म्हणत तो फोन घेऊन बाजूला गेला. पण बाकीची गर्दी वाढतच होती. मी ओरडले, तर माझं कुणाला ऐकूही जाईना. हाताने ढकलावं तर हात माझे नव्हते. मी पप्पांकडे बघितलं. मी रडकुंडीला आले होते.

पप्पांनी गळ्यातली शिट्टी काढली. शर्टाला पुसली आणि माझ्या तोंडात दिली.

ती शिट्टी त्यांनी आजवर कुणालाही वाजवू दिली नव्हती. लहानपणी मी एकदा वाजवली तेव्हा धपाटा खाल्ला होता. मी दातांत धरली आणि एक आखूड फुंकर मारली. सगळं मैदान जागच्या जागी थांबलं. पाण्याच्या बाटलीवाला बाटली धरून तसाच उभा.

"कडं करा," पप्पा म्हणाले. "तोंडं बाहेर. संचू सांगेल तेच होणार." पोरांनी खांद्याला खांदा लावून आमच्याभोवती गोल कडं केलं. इतकी वर्षं वरच्याला तोलणारं ते कडं आता लोकांना बाहेर थोपवत होतं. आत आम्ही तिघंच. साहिल मला विचारत होता, ताई, मी चालेन ना? मी शिट्टी तोंडातच ठेवून हं म्हणत होते. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं. मला फक्त डोकं धरायला येत होतं, आणि मी ते धरून बसले होते.

गल्लीत बाइक लावलेल्या. अ‍ॅम्ब्युलन्स आत येईना, तेव्हा पोरांनी बाइकच उचलून बाजूला ठेवल्या. डॉक्टर तरुण होते. त्यांनी साहिलच्या गळ्याला पट्टा बसवला आणि मला म्हणाले, "तू डोकं सोडू नकोस. याला अंगासकट एकदम कुशीवर वळवायचाय, खाली फळी सरकवायला. डोकं ज्याच्या हातात, इशारा त्याचा. पण सगळ्यांचे हात एकाच क्षणी हलले पाहिजेत. जमेल या पोरांना?"

मला त्या परिस्थितीतही हसू आलं. त्यांना दुसरं काय जमतं?

चौघं गुडघ्यांवर बसले. खांदा, कंबर, मांडी, पाय. कुणाचा हात कुठे ते डॉक्टरांनी दाखवलं. मी लांब शिट्टी दिली आणि साहिल अखंड वळला. फळी आली. पुन्हा शिट्टी, पुन्हा अलगद पाठीवर. अल्पेशच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण हात तसूभर हलला नाही. फळीवर पट्टे आवळल्यावर डॉक्टर म्हणाले, "सोड आता, बाळा." माझी बोटं उघडेनात. पप्पांनी ती एकेक करून सोडवली.

हॉस्पिटलातल्या तपासणीत कळलं, मानेचं हाड तडकलं होतं, पण जागचं सरकलं नव्हतं. आतली नस शाबूत होती. उचलून चार पावलं चालवला असता तर काय झालं असतं, ते मोठ्या डॉक्टरांनी पप्पांना बाजूला घेऊन सांगितलं. पप्पा बाहेर आले आणि बाकड्यावर बसून राहिले. घरी जाताना त्यांनी शिट्टी परत मागितली नाही.

मी देवाचे आभार मानले, मग मिनल मॅडमचे, मग झोपी गेलेल्या दिव्याचेसुद्धा. सगळ्यात जास्त त्या पोरांचे. माझ्या अंगात विद्या होती, पण त्यांची शिस्त नसती तर ती विद्या गर्दीत चेंगरून गेली असती.

दहीकाल्याला पथकाची पहिली सलामी गावदेवीला असते. ती झाली आणि पप्पांनी टेम्पो गोडदेवकडे घ्यायला सांगितला. मॅडमच्या इमारतीखाली ढोल वाजला. मॅडम खाली आल्या, हाताला कणीक तशीच, आणि बघतात तर दारात थर लागतोय.

"त्या मागच्याचं हेल्मेट कुठाय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. अल्पेशने मुकाट्याने डोक्यावर चढवलं. दोऱ्या तर होत्याच. त्या दिवसापासून पप्पा तीन थरांनाही दोरी बांधतात.

"वाजव," पप्पा मला म्हणाले.

मी लांब शिट्टी दिली. तीन थर उठले, चौथा उठला. पाचवी जागा तशीच रिकामी ठेवली होती. वरून सलामी कोण देणार, म्हणून गॅलऱ्यांतले लोक माना वर करून बघत राहिले.

सलामी खालून होती. टेम्पोजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवरून साहिल उठला. गळ्याला पट्टा, त्यामुळे पायाखालची जमीनही त्याला दिसत नव्हती. पहिल्या पावलाला तो किंचित डुलला. त्याला धरायला पप्पांचे दोन्ही हात पुढे गेले, अर्ध्यावर थांबले, आणि त्यांनी ते पाठीमागे बांधून घेतले.

साहिल एकटा मॅडमपर्यंत चालत गेला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्याने ताठ उभं राहूनच हात जोडले.