तेरावं टोक

आमच्या पिकअपला गल्लीत सगळे धुराडं म्हणायचे. आम्ही निघालो की शेजारणी वाळत घातलेले कपडे लगबगीने ओढून घ्यायच्या आणि माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. मी शिवणकाम करणारी बाई, धुतलेल्या पांढऱ्या कापडाची किंमत मला कुणी सांगायला नको होती. पण ती गाडी होती म्हणून माझ्या मोठ्या जाऊबाई जिवंत होत्या.

त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला डोंगरावरच्या इस्पितळात न्यावं लागे. बस तिथवर चढायची नाही. आमचे हे सकाळी सुतारांची लाकडं वाहायचे आणि ठरलेल्या दिवशी दुपारी फळ्या उतरवून जाऊबाईंना वर न्यायचे. मी त्यांना धरून शेजारी बसायचे.

गाडीच्या पोटाखाली धुरातली काजळी अडवणारा एक डबा असतो. तो तुंबला की गाडीतला छोटा संगणक इंजिनाचा गळा आवळतो, गाडी बैलगाडीच्या चालीने चालते. आमच्या गाडीला ही खोड लागली आणि तिला चढ चढवेना. भावोजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, गॅरेजवाले. हात सोन्याचा, पण खाक्या एकच: नडेल ते तोडा. वायरी तपासायचा दिवा त्यांनी कधी हातात धरला नाही. इंजिन मला कानात सांगतं, म्हणायचे. त्यांनी तो डबा काढून माळ्यावर टाकला, त्या जागी साधी नळी जोडली, आणि संगणकाला पत्ता लागू नये म्हणून गाडीच्या पुढच्या फळीखालच्या, म्हणजे डॅशबोर्डखालच्या, सहा वायरी कापून भलत्याच जोडल्या. गाडी वाऱ्यासारखी चढायला लागली. मागे काळा ढग.

कापलेल्या टोकांना खुणेचे दोरे बांधायचं काम माझ्याकडे आलं, कारण भावोजींची बोटं जाड. मी रंगीत दोरे बांधले, शिवाय गाठी मोजून मारल्या. पहिल्या जोडीला एक, दुसरीला दोन, अशा सहापर्यंत. तेलात सगळे रंग एका जातीचे होतात, हे मशीनवर बसणाऱ्या बाईला माहीत असतं. भावोजी हसले होते. म्हणाले, वायरींना लग्नाला पाठवतेस काय?

अशी सात वर्षं गेली. मग नियम आला की जुन्या गाड्यांचा धूर मोजून घ्या, नाही तर गाडी रस्त्यावरून कायमची उतरवू. शेवटची तारीख गुरुवारची होती. माळ्यावरचा डबा काढून बसवण्यात दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये अडकली आणि त्यात जाऊबाईंची मंगळवारची इस्पितळाची खेप चुकली. गुरुवारी सकाळी त्यांचा चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते. पायात चप्पल जाईना. बोलताना मध्येच थांबून श्वास घ्यायच्या. इस्पितळाने निरोप दिला होता, तीनच्या आत आणा, पुढे जिवाची हमी नाही.

दोऱ्यांचे रंग खरंच गेले होते, सगळे काळे. मी फळीखाली उताणी पडून चिमटीत गाठी मोजत गेले आणि भावोजी जोडत गेले. सहा जोड्या जमल्या. पण एक टोक उरलं, तेरावं. त्याला दोराही नव्हता, गाठही नव्हती.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"असेल फालतू. गुंडाळून ठेव."

कपडा शिवून झाल्यावर एखादा तुकडा उरला, तर कुठे तरी काही राहिलेलं असतं. हे मला कळत होतं, पण दीरासमोर, तेही त्यांच्या धंद्यातलं, कोण बोलणार? ठेवलं गुंडाळून.

धूर मोजणाऱ्याने मागच्या नळीत कांडी खुपसली, कागदावर शिक्का मारला. गाडी पास झाली. तेव्हा दीड वाजला होता. घरी येऊन जाऊबाईंना पुढे मध्ये बसवलं, भावोजी मागे लाकडांच्या जागी बसले, आणि आम्ही निघालो.

पहिल्या मोठ्या वळणावर गाडीला दम लागला. यांनी पाय खालपर्यंत दाबला, पण काटा वीसच्या वर जाईना. पुढच्या वळणावर दहा. मग उभीच राहिली. जाऊबाईंच्या छातीत पाणी वाजत असल्यासारखा आवाज येत होता. भावोजी उडी मारून पुढे आले, खाली वाकले आणि तसेच उठले. डबा पुन्हा तुंबलेला, हात लावता येऊ नये इतका तापलेला, आणि साधी नळी खाली गॅरेजमध्ये. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. हे नुसते स्टिअरिंगवर हात आपटत राहिले. माझ्या नवऱ्याला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मला ते टोक आठवलं. मी कुणाला न विचारता जाऊबाईंच्या पायाखालची चटई उचकटली. फळीपासून वायरींची जुडी खाली येते तिथे, उंदराने कुरतडलेलं दुसरं टोक होतं. दातांच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. टोकावरचा हिरवा गंज आम्ही कापलेल्या टोकांवरच्यापेक्षा जाड होता, म्हणजे सात वर्षांहून जुना.

भावोजींनी ते पाहिलं. मग त्यांनी दोन्ही टोकं खरवडून पीळ दिला. मी पदराची किनार फाडून त्यावर बांधली. पुढच्या फळीवर एक बटण होतं, कधीच चालत नाही म्हणून भावोजींनी त्यावर टिकली चिकटवली होती. डब्यातली काजळी जाळायचं बटण, आणि तुटलेली वायर त्याचीच होती. त्यांनी टिकली नखाने काढली, सुकं गवत पेटू नये म्हणून गाडी खडीवर घ्यायला लावली आणि बटण दाबलं.

इंजिन आपोआप घोंघावायला लागलं. बटणाशेजारचा दिवा लागला. तो विझेपर्यंत थांबायचं, एवढंच भावोजी म्हणाले. किती वेळ, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

त्या थांबण्याइतकं लांब मी आयुष्यात काही शिवलेलं नाही. जाऊबाईंचं डोकं माझ्या खांद्यावर, ओठ निळसर. मी त्यांचे श्वास मोजत होते, गाठी मोजल्यासारखे. मध्ये एक चुकला की माझाही चुकायचा. भावोजी आमच्याकडे पाठ करून उभे होते.

"म्हणजे," जाऊबाई दम घेत घेत म्हणाल्या, "एका वायरीपायी... सात वर्षं मला धुरी दिलीत?"

भावोजींनी वाकून चाकामागे दगड लावला.

"डास तरी... मेले असतील." असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि खोकल्याने वाकल्या.

अडतीस मिनिटांनी दिवा विझला. गाडीने चढ घेतला. मागे ढग नव्हता. आरशात भावोजी गुडघ्यांत डोकं घालून बसलेले स्वच्छ दिसत होते. एरवी त्या आरशात कधी काही दिसायचंच नाही.

आम्ही सव्वातीनला पोचलो. परिचारिकेने आधी आम्हाला झापलं, मग चाकांची खाट ढकलत धावली. संध्याकाळी जाऊबाईंनी पाणी मागितलं, तेव्हा कुठे मी खाली बसले. त्यानंतर त्या चौदा महिने जगल्या. तो सात वर्षांचा धूर छातीत साठला नसता तर आणखी किती जगल्या असत्या, हे भावोजींनी डॉक्टरांना एकदाच विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं सांगता येत नाही.

त्या गुरुवारी मात्र जाऊबाईंना इस्पितळात ठेवून आम्ही परत निघालो तेव्हा भावोजी गाडीत चढेनात. मी हाक मारली. ते दारापाशी उभे राहून म्हणाले, "धाकटे, सकाळी तू विचारलंस ना, हे कुणाचं म्हणून?"

"हो."

"पुन्हा विचारत जा. मी ओरडलो तरी."

मग ते मागे जाऊन बसले. पुढे जागा होती, तरीही.