तिसरं फाटक

एप्रिलात इडवलने रस्त्याकडचं फाटक उघडं टाकलं आणि त्याच्या मेंढ्या चरत चरत चर्चच्या अंगणापर्यंत गेल्या. झालं! तेव्हापासून मुलाने, अलेडने, एकच धोशा लावला होता, "आई, बाबा विसरायला लागलेत. मेंढ्या विका आणि माझ्याकडे कार्डिफला चला."

आज त्याच्या आईने, मोरवेनने, त्याला सुनावलं, "आम्ही डोंगराच्या माथ्यावर जाऊन येतो. वाटेत तीन फाटकं आहेत. तिन्ही त्याने आपणहून लावली, तर हा विषय बंद. एक जरी राहिलं, तर मी स्वतः सामान बांधीन."

इडवलला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तो शीळ घालत पुढे निघाला.

पहिलं फाटक त्याने लावलं, शिवाय हलवूनही पाहिलं. दुसऱ्याला निळ्या सुतळीची गाठ मारली.

"काय गं, सारखी माझ्या हाताकडे बघतेस? मागणी घालायचा विचार आहे की काय?"

"एकदा फसले तेवढं पुरे!"

शेवटच्या दगडी भिंतीतल्या तिसऱ्या फाटकापाशी मात्र तो क्षणभर थांबला, वाकला आणि फाटक तसंच सताड उघडं टाकून चालू लागला. हाक मोरवेनच्या ओठांवर आली होती, ती तिने गिळली. कुठेतरी एक कोकरू ओरडत होतं, पण तिचं लक्ष कुठे होतं? तो पुढे गेल्यावर तिने मधला दगड पायाने सरकवला, फाटक लावलं आणि डोळे पुसले. अलेडला सांगायचं, तिन्ही लावली म्हणून. खोटं तर खोटं! या माणसाला ती शहरातल्या खिडकीत बसवणार नव्हती.

माथ्यावर येणारे-जाणारे रचतात त्या दगडांच्या राशीवर इडवलने आपला एक दगड ठेवला. दोघं आडोशाला बसली. तिने मनुकांच्या पावाला लोणी लावून तो त्याला दिला आणि त्याचा हात हातात धरून ठेवला.

"ते कोकरू अजून का बोंबलतंय?" तो म्हणाला. "आई भिंतीच्या वर, ते खाली. म्हणून तर फाटक उघडं ठेवलं, वाऱ्याने लागू नये म्हणून दगडही लावला. उतरताना लावणार होतो."

मोरवेनने खाली फाटकाकडे पाहिलं. "मी लावलं ते."

"तू? अगं, चाळीस वर्षं मेंढ्यांत काढलीस ना?"

"वय झालं माझं," ती म्हणाली. हसू आणि रडू एकदमच आलं.

"असू दे. माझं रस्त्याकडचं राहिलं, तुझं हे. फिट्टंफाट." त्याने तिचा हात थोपटला. "आणि मी आहे ना."

उतरताना त्याने फाटक उघडलं. कोकरू धावत जाऊन आईला लुचलं, तसं त्याने फाटक पुन्हा लावलं.

अलेड अंगणातच उभा होता. इडवल बूट धुवायला नळाकडे वळताच अलेडने आईला हळूच विचारलं, "मग? चुकलं का एखादं?"

"चुकलं ना, तिसरं," मोरवेन म्हणाली. "माझं चुकलं. तुझ्या बाबांनी सावरलं. जा, चहा टाक आता."