एदेल्मिराची खळ

बंदराच्या वरच्या टेकडीवर एदेल्मिराच्या हातची खळ सगळ्यांना ठाऊक होती. पीठ काय, सगळ्यांचंच असतं. पण ती त्यात मूठभर साखर आणि चमचाभर व्हिनेगर घालून मंद आचेवर अशी घोटायची, की कागद भिंतीला एकदा बसला की बसला. जनरलसाहेबांची पोस्टरं जाड, गुळगुळीत कागदावर छापलेली, त्यावर साहेब प्रेमळ आजोबांसारखे हसणारे. पण चिकटवणारे भाडोत्री आणि खळ पाणचट, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी साहेबांचे कान लोंबायला लागायचे. एदेल्मिराचा कागद फाडायला आलेला शिपाई मात्र नखं मोडून परत जायचा.

ही खळ ती मुलापायी शिकली. लाउतारो तिचा एकुलता एक. जनरलच्या राज्याच्या पहिल्याच वर्षी त्याला बेकरीसमोरून उचलून नेलं, आणि कुठे नेलं ते कुणी सांगितलं नाही. बेकरीच्या भिंतीवर तिने त्याचा मोठा करून घेतलेला फोटो चिकटवला आणि त्याच्या वर थेट भिंतीवरच काळ्या रंगाने लिहिलं: 'हा जिवंत आहे का?' बाकीच्या आया 'कुठे आहे?' असं लिहायच्या. एदेल्मिरा म्हणायची, "आधी एवढंच सांगा. हो की नाही. पुढचं माझं मी बघते." पुढे झडतीत घरातले सगळे फोटो गेले आणि भिंतीवरचा तेवढा उरला. तो सोडवून घरी आणावा म्हणून ती कितीदा गेली, पण तिचीच खळ तिला दाद देईना. उन्हाने आणि खाऱ्या वाऱ्याने कागद पांढराफटक पडला. परक्याला तिथे नुसता जुना कागद दिसायचा; तिला मात्र लाउतारोच्या भुवईवरची खोकसुद्धा दिसायची.

तिच्या नवऱ्याने, कुस्तोदियोने, तो फोटो कधी पाहिलाच नाही. पोरगा गेला त्या दिवसापासून त्याने बेकरीवरून टेकडी उतरणारा जिना सोडला आणि टेकडीला वळसा घालून बंदरावर जायला लागला. बायको भिंतीवर काहीतरी लावते हे त्याला माहीत होतं. कुठल्या भिंतीवर, हे त्याने कधी विचारलं नाही. घरात भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून, लाउतारोच्या वाढदिवसाला. ती म्हणायची, चर्चमध्ये त्याच्यासाठी एक मिस्सा तरी करू, त्याच्या आत्म्याला शांती मिळेल. तो बशी सरकवायचा.

"मिस्सा मेलेल्यांसाठी असते. माझा पोरगा मेला असं तुला कुणी सांगितलं?"

सांगितलं तर कुणीच नव्हतं. विषय तिथेच संपायचा.

मग जनरलने लोकांचा कौल मागितला: मी राहू का? हो किंवा नाही. 'नाही'वाल्यांची पोस्टरं आली, पांढऱ्या कागदावर इंद्रधनुष्य आणि खाली एकच ठसठशीत शब्द. शेजारची ओल्गा गठ्ठे घेऊन आली तेव्हा जरा ओशाळूनच बोलली.

"काकू, रडकं काही लावू नका असं वरून सांगितलंय. लोक भितात म्हणे. आनंदाचं लावा म्हणतात."

"लावा की," एदेल्मिरा म्हणाली. "खळीला काय कळतंय, वर काय छापलंय ते." आणि तिने मोठं पातेलं चढवलं.

एके सकाळी धुकं खिडकीला टेकलेलं असताना कुस्तोदियो टोपी घालून समोर उभा राहिला.

"बादली दे."

"कशाला?"

"पाय धुवायला! पोस्टरं लावायला, दुसरं कशाला?"

"आधी तुझे डोळे बघ. मोतीबिंदू पिकलाय. जिना तरी दिसतो का?"

"इतकी वर्षं काही न बघता काढली, आता एक कागद लावता येणार नाही? दे म्हणतो ना."

तिने बादली दिली. तो गेल्यावर ती चुलीपाशी उभी राहून रडली, पण ते आनंदाचं रडणं होतं. इतक्या वर्षांनी तिचा नवरा तिच्या कामात उतरला होता.

तो परत आला तो मिशीला खळ लागलेली आणि पोरासारखा खुशीत.

"बेकरीच्या जिन्याने गेलो, एदेल्मिरा! कठडा धरत धरत, पण गेलो. पाव घ्यायला सगळी टेकडी तिथे येते. भिंतीवर एक कोरा जुना कागद होता, घट्ट बसलेला. त्याच्यावरच लावलं. काय चपखल बसलंय म्हणतेस!"

एदेल्मिराने हातातली पळी खाली ठेवली. पाव आणते म्हणाली आणि निघाली.

बेकरीसमोर नेहमीची रांग होती, पण सगळे भिंतीकडे बघत होते. ओल्गाने तिला पाहून तोंडावर हात घेतला. भिंतीवर तिचेच काळे शब्द होते, 'हा जिवंत आहे का?' आणि खाली, लाउतारोच्या चेहऱ्यावर, इंद्रधनुष्याखाली: 'नाही'.

तिने कोपऱ्याला नख लावून पाहिलं. खळ अजून ओलसर होती, पण खालचा कागद त्याहून जीर्ण. वरचा ओढला असता तर त्याच्याबरोबर चेहराही आला असता. तिने हात काढून घेतला. पाव न घेताच ती घरी आली.

"पाहिलंस?" कुस्तोदियोने विचारलं.

"पाहिलं. अगदी सरळ लागलंय."

'नाही' जिंकलं. सकाळी टेकडीवरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले, पातेली बडवत पोरी जिन्यांवरून धावल्या. कुस्तोदियोने ठेवणीतला कोट घातला.

"चल, माझं पोस्टर बघू. आता त्यांना सांगावंच लागेल सगळं. तुरुंग उघडतील. लाउतारो याच वाटेनं येईल, बघ."

"माझे गुडघे दुखतायत रे. उद्या जाऊ."

"आजच्या दिवशी गुडघे?" त्याने तिचा हात धरून तिला ओढतच नेलं.

ऊन लख्ख पडलं होतं. तो पोस्टरासमोर छाती काढून उभा राहिला. मग त्याला वरची अक्षरं दिसली. टाचा उंचावून, डोळे बारीक करून, एकेक अक्षर लावत त्याने ती वाचली. ते वळण बायकोच्या हातचं आहे, हे त्याने ओळखलं.

"एदेल्मिरा, खाली काय होतं?"

त्याने घाईघाईने कोपऱ्यात नख घातलं. तिने त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. खळ माझी आहे. सोडायची नाही."

त्याने पुन्हा वरपासून वाचलं. प्रश्न, मग उत्तर. खालून नाचगाण्याचा आवाज येत होता. कुस्तोदियोने टोपी काढून छातीशी धरली. अशी टोपी तो प्रेतयात्रा जाताना काढायचा.

"उद्या फादरना सांगू," तो म्हणाला. "मिस्सेचं."

इतकी वर्षं तिने हेच मागितलं होतं. आणि आता ती त्याच्या कोटाची बाही घट्ट धरून हुंदके देत म्हणत होती, "नको रे, उद्या नको. अजून थोडं थांबू या. तूच म्हणालास ना, आता तुरुंग उघडतील."